शाळेत कुणाला तरी त्रास देताना दिसलं तर बोलायचं का, कुठे आणि कसं

मधल्या सुट्टीत एखाद्याचा डबा चार जणांच्या हातातून फिरतोय, झाकण उघडून "आज परत चटणी-भाकरी, बघा रे" चाललंय, तो मुलगा आधी त्यांच्याबरोबर हसायचा प्रयत्न करतो, मग हसणं जमत नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून तो डबाच आणत नाही नाहीतर नळापाशी जाऊन उभ्याउभ्या एकटा खातो. वर्गात तेव्हा तीस-पस्तीस जण असतात आणि सगळ्यांना दिसत असतं. बऱ्याच जणांना आतून वाईट पण वाटत असतं. पण बोलायचं की नाही हे ठरत नाही आणि ठरेपर्यंत घंटा होते.

हे त्या तीस-पस्तीस जणांसाठी लिहितेय. आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी मुख्यतः, पण पाचवी-सहावीतलं कुणी वाचलं तरी कळेल, आणि शेवटी आईबाबांसाठी पण थोडं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, बोलायचंच. फक्त बोलायचं म्हणजे लगेच मध्ये उडी मारून भांडायचं असं समजू नका. बहुतेक मुलं इथेच अडकतात, त्यांना वाटतं दोनच रस्ते आहेत, एकतर सगळ्यांसमोर एकट्याने उभं राहायचं नाहीतर मान खाली घालून वही काढायची, आणि पहिल्याची भीती वाटते म्हणून दुसरा धरतात. या दोघांच्या मध्ये बरेच रस्ते आहेत आणि आपल्याला झेपेल असा एक तरी त्यात सापडतोच.

मस्करी चाललीय की त्रास, हे आधी बघा

मित्र एकमेकांची खेचतात, टोपणनावं ठेवतात, टपल्या मारतात, त्यात गैर काही नाही. मग कळणार कसं? तीन गोष्टी बघायच्या. एक, ज्याची खेचताय तो पण खेचतोय का, म्हणजे आज त्याची उद्या याची असं चाललंय का, की दर वेळी पाळी एकाचीच. दोन, तो "बस झालं" म्हणाला की समोरचे थांबतात का की अजून चेव येतो. तीन, त्याला उलट बोलायची सोय आहे का. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि ती पटकन दिसत नाही.

सोय नसते म्हणजे काय, तर समोरचे पाच असतात आणि हा एकटा, किंवा ते दहावीतले आणि हा सातवीतला. किंवा हा गावाकडून नवीन आलाय आणि बोलला की त्याच्या बोलण्याची नक्कल होते. किंवा तो आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव मोफत जागांतून आलाय आणि हे वर्गाला माहितीये, मग "तुझी फी आमचे पप्पा भरतात" असलं काहीतरी ऐकवतात. रंग, वजन, तोतरेपणा, चष्मा, एखादा मुलगा जरा हळवा असला तर त्याच्या चालण्यावरून, एखाद्या मुलीच्या ड्रेसला डाग लागला तर त्यावरून महिनाभर. आडनावावरून जात काढणं तर फार होतं, आणि करणाऱ्यांना बऱ्याचदा वाटतं आपण जोक मारला. ज्याला ऐकावं लागतं त्याला तसं वाटत नाही, कारण त्या जोकला त्याच्याकडे परतीचं उत्तर नसतं.

आणि मारामारी असेल तरच त्रास असंही नाही. मुलींमध्ये तर आवाजच नसतो, सगळ्या उठून दुसऱ्या बाकावर जातात, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणी घेत नाही, वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्यांना बोलावणं आणि एकीला नाही. बाईंना यातलं काहीच दिसत नाही. तुम्हाला दिसतं. म्हणूनच तुमचं सांगणं मोलाचं आहे.

काही वेळा ठरवत बसायचं नाही

रक्त आलंय, गळा धरलाय, बेल्ट किंवा कटर किंवा कर्कटक हातात आहे, बाथरूममध्ये कोंडलंय, कपडे ओढतायत, कुणी शरीराला नको तिथे हात लावलाय, किंवा एखादा मुलगा म्हणाला की "मला जगायचंच नाही", यातलं काहीही असेल तर विचार करत बसू नका. जवळच्या मोठ्या माणसाकडे पळत जा, मग ते शिपाईकाका असोत, ऑफिसातल्या मॅडम असोत की दुसऱ्या वर्गाचे सर असोत, आणि "सर चला" एवढंच न म्हणता नीट सांगा: "दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या बाथरूममध्ये एकाला कोंडून मारतायत." जागा सांगितली की माणूस धावतो. शाळेच्या बाहेर असाल आणि कुणी मोठं जवळ नसेल तर ११२ हा पोलिसांच्या मदतीचा नंबर लावा. लहान मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, चोवीस तास आणि फुकट, आणि तिथे तुम्ही दुसऱ्या मुलाबद्दल पण फोन करू शकता, त्रास स्वतःलाच होत असला पाहिजे असं नाही. जगायचं नाही वगैरे बोलणं कानावर आलं तर मोठ्यांना सांगाच, शिवाय टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पण आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

अशा वेळी त्याने "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली असेल तरी सांगायचं. शपथ मोडली म्हणून तो चार दिवस रागावेल. रागावू दे.

लैंगिक त्रासाचं अजून एक. पॉक्सो नावाचा २०१२ चा कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्या मुलामुलींवर असा गुन्हा झाल्याचं माहीत असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे, म्हणजे तुम्ही ज्या शिक्षकांना सांगाल त्यांना "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून गप्प बसता येत नाही. मुलांना मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, त्यामुळे "उशिरा सांगितलं तर मीच अडकेन" ही भीती काढून टाका.

आता रोजचं, जिथे खरंच ठरवावं लागतं

आधी एक गोष्ट सांगते, मला ती फार पटते. कॅनडात टोरोंटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मुलांना छोटे माइक लावले आणि मैदानावर काय होतं त्याचा लांबून व्हिडिओ काढला, त्यावरचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. त्रास देण्याच्या दर १०० प्रसंगांत ८८ वेळा बाकीची मुलं तिथे हजर होती. त्यातलं कुणीतरी मध्ये पडलं फक्त १९ वेळा. पण जेव्हा मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! म्हणजे भाषण द्यावं लागलं नव्हतं. त्याच संशोधकांच्या आधीच्या कामात असंही दिसलं होतं की बघणारी मुलं जितकी जास्त तितका प्रकार लांबतो. गोल करून उभं राहणाऱ्यांना वाटतं आपण काही केलं नाही, पण करणाऱ्याला ते सगळे आपल्या बाजूचे वाटतात.

म्हणून सगळ्यात पहिली गोष्ट, जी अगदी घाबरट मुलालाही जमते: हसू नका, गोलात थांबू नका, मोबाइल काढू नका. जमलं तर शेजारच्यालाही ओढून न्या, "चल रे, पाणी पिऊन येऊ." दोन-तीन जण निघाले की बाकीचे पण पांगतात आणि बघणारेच नसले की बऱ्याच जणांची मजा जाते. पण फक्त निघून गेलं आणि नंतर कुणालाच काही सांगितलं नाही तर मात्र ते पळून जाणंच झालं, हे लक्षात ठेवा.

त्याच्या पुढे जायचं असेल तर आपण कुठे उभे आहोत ते बघा. त्रास देणारा तुमचाच मित्र आहे का? तर सगळ्यात जास्त ताकद तुमच्याकडे आहे, बाईंपेक्षाही जास्त. सगळ्यांसमोर त्याला काही बोलू नका कारण मग तो इज्जतीचा प्रश्न करतो. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपाशी, दोघंच असताना म्हणा, "भावा, त्याचं आता बास कर, मला नाही आवडत ते." कारण देत बसायची गरज नाही. तो "काय झालं, मस्करी करतोय" म्हणेल, म्हणू दे. दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला की तुम्ही त्याच्या बाजूला हसत नाहीये एवढं त्याला दिसलं पाहिजे. मुलींमध्ये पण तेच, ज्या मैत्रिणीने "हिच्याशी बोलायचं नाही" असा फतवा काढलाय तिला एकटीला गाठा आणि सांगा, "मी तिच्याशी बोलणार, तू माझ्याशी कट्टी केलीस तरी." बऱ्याचदा ती कट्टी करत नाही.

तुम्ही त्यांच्याच वर्गातले, त्यांच्याच बरोबरीचे असाल आणि सोबत अजून एक-दोन जण असतील तर तिथल्या तिथे एक वाक्य टाका. छोटं, चिडका सूर न लावता. "ए, डबा दे त्याचा." "बास ना आता." "त्याला नाही आवडत आहे, दिसत नाही का." शिव्या नाहीत, "तू स्वतःला काय समजतोस" नाही, त्याच्या आईबापावर जाणं तर अजिबात नाही. वाक्य टाकलं की त्रास देणाऱ्याकडे बघत राहू नका, ज्याला त्रास होतोय त्याच्याकडे वळा. "चल, आमच्याकडे बस." कुणाशीही न भांडता त्याला तिथून काढणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय आहे, कारण यात हरलं कोण जिंकलं कोण हा विषयच येत नाही. "अरे तुझी विज्ञानाची वही दाखव ना, ती आकृती राहिलीये माझी," असं म्हणून दप्तरासकट उचलून न्यायचं.

आणि कधी तिथे बोलायचं नाही? समोरचे मोठ्या वर्गातले असतील आणि तुम्ही एकटे असाल. जागा आडबाजूची असेल, मागचं ग्राउंड, जिना, क्लासला जायचा रस्ता, व्हॅनचं मागचं सीट. त्यांनी आधी कुणाला तरी मारलेलं असेल. किंवा तुम्ही स्वतः त्यांच्या तावडीत आधी सापडलेले असाल. अशा वेळी तिथे गप्प बसणं चुकीचं नाही, कुणी तुम्हाला भित्रा म्हणत असेल तर म्हणू दे. तुमचं काम मग एवढंच की नीट बघून ठेवायचं, कोण कोण होतं, कुठे, कधी, काय बोलले, आणि तिथून निघाल्यावर ते योग्य माणसाला सांगायचं.

त्रास देणाऱ्याला पाच जणांनी मिळून धडा शिकवायचा हा विचार पण मुलांच्या डोक्यात येतो, विशेषतः आपल्या जवळच्या मित्राला त्रास झाला की. नका करू. दोन दिवसांनी ऑफिसबाहेर तुम्ही उभे असता आणि मूळ विषय कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ज्याला त्रास होतोय त्याला विचारलंय का?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. आपण बाईंकडे जाऊन सगळं सांगतो, बाई वर्गात येऊन त्याला सगळ्यांसमोर उभं करतात, "कोण त्रास देतं रे तुला, सांग," आणि तो "कोणी नाही" म्हणतो. त्याच्यासाठी तो डबा प्रकरणाहूनही वाईट दिवस असतो.

म्हणून जीवावरचा प्रकार नसेल तर आधी त्याला गाठा, एकटं, शक्यतो चालता चालता, कारण समोरासमोर बसवून विचारलं की मुलं आक्रसतात. काय म्हणायचं? "काल ते जे झालं ते मी बघितलं. मला ते बरोबर नाही वाटलं." इथे थांबा. लगेच "तू असं का नाही केलंस, तसं का नाही बोललास" सुरू करू नका, त्याने ते स्वतःला शंभर वेळा विचारलेलं असतं. मग विचारा, "मी काय करू? तुझ्याबरोबर येऊ का सरांकडे? की मी एकटाच जाऊन सांगू? की नुसतं सुट्टीत आमच्यात बसतोस?"

बरीच मुलं म्हणतात "जाऊ दे, सांगू नको, अजून वाढेल." ही भीती खरी असते, तिला उडवून लावू नका. "ठीक आहे, आत्ता नाही सांगत, पण परत झालं तर मी सांगणार आणि आधी तुला कळवून सांगणार," असं म्हणा, आणि तसंच वागा. परत झालं की त्याला कळवा आणि जा. प्रत्येक वेळी त्याच्या होकाराची वाट बघत बसलात तर वर्ष संपेल.

आणि यातलं काहीच नाही जमलं तरी त्याच्या शेजारी बसणं जमतं ना? फिनलंडमध्ये २००९ पासून शाळाशाळांतून एक कार्यक्रम चालवतात, त्याचा सगळा भर बघणाऱ्या मुलांवर आहे, आणि त्यात शिक्षक वर्गातल्या दोन-चार चांगल्या मुलांना बाजूला घेऊन सांगतात की या मुलाच्या सोबत राहा. बस, सोबत राहा. आपल्याकडे कुणी सांगायची वाट कशाला बघायची. एकट्या मुलाला गाठणं सोपं असतं, दोघांना तेवढं सोपं नसतं.

अजून एक उदाहरण आठवतं, कॅनडातच नोव्हा स्कोशिया भागातलं, २००७ चं. नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला म्हणून त्याला दमदाटी झाली. बारावीतल्या दोन मुलांना हे कळलं. ते त्रास देणाऱ्यांकडे गेलेच नाहीत, त्यांनी ५० गुलाबी शर्ट विकत आणले, रात्रीत सगळ्यांना मेसेज केले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जिकडे तिकडे गुलाबी शर्ट. आता आपल्याकडे युनिफॉर्म असतो त्यामुळे हे जसंच्या तसं होणार नाही, पण डब्यावरून चिडवत असतील तर चार जणांनी त्याच्याकडची भाकरी मागून खाणं हे होऊच शकतं, आणि खरं सांगू, असं दोन दिवस जरी झालं तरी डब्यावरून चिडवण्यात काही अर्थ उरत नाही.

सांगायचं कुणाला आणि कसं

"चुगली करतो" म्हणतील या भीतीने सगळ्यात जास्त मुलं गप्प बसतात. म्हणतीलच. काहीजण नक्की म्हणतील. त्यावर उपाय हा की वर्गासमोर सांगायचं नाही, तास चालू असताना उठून "बाई हा बघा" करायचं नाही, आणि मोठ्यांना सांगतानाच अट घालायची.

वर्गशिक्षकच पाहिजेत असं काही नाही. ज्यांच्याशी बोलताना तुम्हाला भीती वाटत नाही ते धरा, पीटीचे सर, चित्रकलेच्या बाई, लायब्ररीतल्या मॅडम, शाळेत समुपदेशक असतील तर फारच उत्तम. व्हॅनमधला त्रास असेल तर घरी आणि व्हॅनवाल्या काकांना दोघांना. वेळ कोणती? तास संपल्यावर सर बाहेर पडताना नको, तेव्हा ते घाईत असतात आणि पोरं मागे असतात. मधल्या सुट्टीत वही दाखवायच्या निमित्ताने स्टाफरूमपाशी जा, नाहीतर शाळा सुटल्यावर थांबा.

बोलायचं असं: "मॅडम, दोन मिनिटं आहेत का, वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलायचंय. दोन आठवडे झाले, मधल्या सुट्टीत हे तिघे त्याचा डबा घेतात. सोमवारी सगळा सांडला. आता तो डबा आणतच नाही. मी स्वतः बघितलंय. माझं नाव वर्गात घेऊ नका प्लीज, आणि त्याला पण सगळ्यांसमोर विचारू नका." एवढंच. कोण, काय, कधी, किती वेळा, आणि मी बघितलंय. "तो खूप वाईट मुलगा आहे", "तो सगळ्यांनाच त्रास देतो" असलं काही घालू नका कारण त्याने विषय पातळ होतो, शिक्षक विचारतात "म्हणजे नक्की काय केलं" आणि आपल्याला सुचत नाही. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं स्पष्ट सांगा. दोघं-तिघं मिळून गेलात तर अजून चांगलं, एकावर येत नाही.

तोंडाने बोलणं अगदीच जमत नसेल तर चिठ्ठी. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये तक्रारपेटी असलीच पाहिजे असा सरकारचा आदेश आहे, आणि १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती पण असायला हवी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकारानंतर सरकारने या दोन्हींची परत आठवण करून दिली. तुमच्या शाळेत पेटी कुठे आहे बघून ठेवा. सीबीएसईच्या शाळांना तर बोर्डाने २०१५ मध्येच अशा त्रासाविरुद्ध कमिटी करायला सांगितलंय. चिठ्ठीत नाव नाही लिहिलं तरी चालेल पण वर्ग, तुकडी, जागा आणि वेळ लिहा, नाहीतर चौकशी कुठून सुरू करणार.

सर म्हणाले "दुर्लक्ष करा, अभ्यासाकडे बघा" तर? होतं असं. मग हार मानू नका, दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जा आणि घरी सांगा. आणि त्रास देणारे स्वतः शिक्षकच असतील, रोज एकाच मुलीला सगळ्यांसमोर घालून पाडून बोलणं, मारणं, तर तेही चालत नाही, २००९ च्या आरटीई कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तिथे मात्र मुलांनी एकट्याने पुढे होऊ नये, घरच्या मोठ्यांना घेऊनच जावं.

काहींना उलटी काळजी असते, की माझ्यामुळे त्या मुलाला शाळेतून काढलं तर, पोलीस आले तर, त्याचं आयुष्य बरबाद झालं तर. चांगल्या मुलांनाच ही काळजी वाटते. तर ऐका, डबा, चिडवणं, धक्काबुक्की यावर शाळा बहुतेक वेळा बोलावून समज देते, आईवडिलांना बोलावते. आणि प्रकरण त्याच्या खूप पुढे गेलं तरी १८ वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा वेगळा आहे, बाल न्याय मंडळ असतं, त्यात भर मुलगा सुधारण्यावर असतो. लवकर सांगितलं तर उलट त्या मुलाचंही भलं होतं, तो अजून पुढे जायच्या आत कुणीतरी थांबवलं.

वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण तिथे रात्रही त्यांच्यासोबतच काढायची असते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि तो फक्त इंजिनिअरिंग-मेडिकलच्या कॉलेजसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्यात वसतिगृह, बोर्डिंग सगळं येतं. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं काही करायला लावणं हे सगळं त्यात रॅगिंगच. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, तथ्य दिसलं तर पोलिसांकडे पाठवायची असते, आणि काहीच केलं नाही तर त्यांनीच मदत केली असं धरतात. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. हे रेक्टरांना माहीत असतंच, तुम्हालाही माहीत असू द्या. आणि रात्री काही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका.

मोबाइलवर

कुणाचा तरी झोपलेला, तोंड वाकडं झालेला फोटो काढून त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर करणं आता इतकं कॉमन झालंय की कुणाला त्यात काही वाटतच नाही. वर्गाच्या ग्रुपवर दिवसातून वीस वेळा तेच स्टिकर. इथे तुम्हाला अंगावर काही येत नाही त्यामुळे बोलणं जरा सोपं आहे. ग्रुपवर एक ओळ, "हे स्टिकर बंद करा रे, बास झालं." नाहीतर ॲडमिनला पर्सनलवर मेसेज. त्या मुलाला पर्सनलवर, "मला ते आवडलं नाही, तू ठीक आहेस ना." फॉरवर्ड नाही, हसणारा इमोजी नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि नंबर दिसेल असा, कारण सांगायच्या आधीच बऱ्याचदा सगळं डिलीट होतं.

पण फोटो उघडेनागडे असतील, खरे असोत की एआयने केलेले, तर स्क्रीनशॉट पण काढू नका, सेव्ह करू नका, पुरावा म्हणून सुद्धा कुणाला पाठवू नका, अल्पवयीन मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन तसाच घेऊन लगेच आईबाबांकडे किंवा शिक्षकांकडे जा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता पण करता येते, मोठ्यांच्या मदतीने करा.

त्रास देणाऱ्याचं नाव-फोटो टाकून स्टोरी लावायची आणि "याला व्हायरल करा" म्हणायचं, हे मात्र नको. त्यात ज्याला त्रास झाला त्याचीही गोष्ट गावभर होते, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

सांगितल्यानंतरचे आठ दिवस

हे दिवस जड जातात. थोडंफार कळतंच, कुणीतरी टोमणे मारतं, "आले बघा बाईंचे चमचे." उत्तर देऊ नका, नाकारत पण बसू नका. घरी आधीच सांगून ठेवा की मी असं असं केलंय, म्हणजे काही वाढलं तर पहिल्यापासून सांगायला नको. शाळेतून येता-जाता काही दिवस दोघा-तिघांनी मिळून या. आणि त्या मुलाला मधेमधे विचारा, थांबलं का, की आता लपून चाललंय. बऱ्याचदा दोन-तीन दिवस थांबतं आणि परत सुरू होतं, तेव्हा त्याच शिक्षकांकडे परत जायचं, "मॅडम, परत सुरू झालंय." दुसऱ्यांदा जाताना पहिल्यापेक्षा कमी भीती वाटते.

त्या दिवशी काहीच बोलला नाहीत आणि आता महिना झालाय? तरी सांगा. त्रास बहुतेक चालूच असतो.

आईबाबांसाठी

मुलगा घरी येऊन दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाबद्दल सांगतो तेव्हा आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते "तू नको मध्ये पडू". काळजीपोटीच निघतं. पण त्यानंतर तो परत असं काही सांगत नाही, आणि उद्या त्याच्यावर आलं तरी सांगत नाही. त्याऐवजी "मग तुला काय वाटलं ते बघून?" असं विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या, मध्ये सल्ला न देता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, समोरच्या मुलाच्या आईला थेट फोन लावू नका, संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत भांडण पेटतं आणि सकाळी शाळेत ते आपल्याच मुलावर निघतं. ज्या मुलाला त्रास होतोय त्याच्या आईवडिलांना ओळखत असाल तर त्यांना शांतपणे, भेटून सांगा, त्यांना बऱ्याचदा काहीच माहीत नसतं. जातीवरून शिवीगाळ, लैंगिक काही, किंवा मारहाण असेल तर "आपसात मिटवून घ्या" याला तयार होऊ नका.

शाळेशी बोलायचं ते आधी वर्गशिक्षकांशी तोंडी, आणि आठवड्याभरात फरक दिसला नाही तर मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी अर्ज, तारखा आणि प्रसंग घालून, त्याची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला किंवा पालक-शिक्षक संघाला. आपल्याकडच्या प्रतीवर ऑफिसात शिक्का मारून तारखेसकट पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा, पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागलं तर तिथे पहिल्यांदा तीच मागतात.